सांगलीच्या बागेत, शेजारी बसून

लढाई संपली आणि आमचे मालक इटलीतून घरी आले. पाय अधू झाला होता, पण भीती पायाची नव्हती. मागून कुणी अंगाला हात लावला की कोण आहे हे न बघता ते मारायचे. थोरल्या दिरानं सहज खांद्यावर हात टाकला, तर त्याचा दात पडला. तेव्हा दिरानं सगळ्यांसमोर सांगितलं, "अजून एकदा हात उचलला, की पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घालतो." दीर बोलेल ते करणारा होता. आणि नवरा तिकडे गेल्यावर त्या घरात मला कुणी विचारलं नसतं.

पायाच्या पट्टीसाठी सांगलीला जावं लागे. सोबत जायला कुणी तयार होईना, म्हणून मी जायची. दवाखाना झाला की ते बागेत शिरत, बाकावर बसत आणि मलाही शेजारी बसवत. मग सांगत, तिकडे इटलीत समुद्राकाठच्या शहरात इस्पितळात होते तेव्हा रोज बागेत जायचे. संत्र्यांची झाडं फळांनी लगडलेली, पण फळ कडू, म्हणून पोरंसुद्धा तोडत नाहीत. नवरा-बायको एका बाकावर बसतात आणि कुणी ढुंकून बघत नाही. हे ऐकून ऐकून मला कंटाळा आला होता. माझं लक्ष मागून कोण येतंय याच्यावर असे.

एकदा चपलेतला खडा काढायला मी वाकले, तेवढ्यात राखणदारानं मागून येऊन त्यांच्या खांद्यावर काठी टेकवली.

ते उठले. मूठ वळलेली होती. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"कुठनं आणली रं ही?" राखणदार म्हणाला. "हितं असलं चालत न्हाई."

"आवं, बायको हाय मी त्यांची."

"व्हय का? घरची बाई अशी नवऱ्याला चिकटून बसती? नाव सांग नवऱ्याचं."

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. मी गाव सांगितलं. दिराच्या पोराचं नाव सांगून, त्याचा चुलता, असं म्हटलं.

"पोराचं इचारलं का मी?" त्यानं काठीनं मला बाजूला सारायला घेतलं. पाठीमागे ह्यांचा श्वास जोरात चालला होता. मी त्यांचं नाव घेतलं, आडनावासकट, मोठ्यानं.

राखणदार हसला. "घावली! घरची असती तर मेली असती, पण नाव घेतलं नसतं."

माझ्या खांद्यावरून ह्यांचा हात वर गेला. मी दोन्ही हातांनी मनगट धरलं, आणि बैलाला दटावावं तसं पुन्हा नाव घेऊन ओरडले, "खाली घ्या हात!"

ते माझ्याकडे बघायला लागले. "मला नावानं बोलीवलंस?"

"बोलीवलं. चला आता."

राखणदार मागून बडबडत होता. ते दोनदा वळायला गेले. मी मनगट सोडलं नाही, भर रस्त्यातून तसंच ओढत गावाकडच्या मोटारीपर्यंत नेलं. लोक बघत होते. बघू दिलं.

घरी दिराला ह्यांच्या मनगटावरचे वळ दिसले. "कुणाशी भांडला?"

"मी धरलं हुतं," मी म्हटलं. "बागेत. बाकावर."

"चारचौघांत?" सासू ओरडली. "लाज हाय का न्हाई?"

दीर मान खाली घालून बाहेर गेला. सासूनं बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला. इस्पितळाचा विषय मात्र निघाला नाही.