मामांच्या सीटा

बारावी पास होऊन आमच्या मामांच्या नजरेतून सुटलेलं पोर जालना जिल्ह्यात अजून जन्माला यायचंय. मामा बदनापूरजवळच्या एका खासगी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवतात. म्हणजे प्रवेश संपल्यावर शिकवतात; त्याआधी पोरं गोळा करत गावोगाव हिंडतात. "कारखान्याला ऊस लागतो, तसे विद्यापीठाला पोरं लागतेत," असं ते समजावतात. "फी आली की होस्टेल, होस्टेल भरलं की मेस, बस, परीक्षेचे फॉर्म. शेजारची जमीन विद्यापीठानं अशीच तर घेतली! पन ज्या विषयाचे बाकं रिकामे, त्याचा मास्तर घरी." हे सांगताना मामा हसतात, पण हात शर्टाच्या गुंड्या चाचपत असतो.

ही भीती त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे, की उन्हाळ्यात त्यांना भाकरी गोड लागत नाही. कुलसचिवांचा फोन आला की मामा भरल्या ताटावरून उठतात आणि उभ्यानेच "हो सर, बराबर सर" करतात. घनसावंगीच्या जीपमध्ये बसले की ती सुटायच्या आत सगळ्यांच्या लेकरांची चौकशी उरकलेली असते. एकदा तीर्थपुरीला आमच्या चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो. प्रश्न विचारायचा मान वडीलधारे म्हणून मामांचा. पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी नाव विचारलं, मग शिक्षण. मुलगी म्हणाली, "बारावी सायन्स." झालं! मामा थेट तिच्या बापाकडे वळले. "लग्नाची जल्दी काय हाय? शिकू द्या की पोरीला!" बापाला ते पटलं. स्थळ मोडलं, सीट भरली, आणि चुलतभाऊ आजही मामांशी बोलत नाही.

यंदा आमची कन्या बारावी झाली. तिला लहानपणापासून झाडापानांचं वेड. मामांच्या वर्गाला अजून एक नाव हवं होतं, नाहीतर विषय बंद, हे आम्हाला ठाऊक होतं. निकाल लागला, पेढे वाटून झाले, तरी मामा फिरकेनात. शेवटी तिला घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो.

"मामाआजोबा, माझं नाव लिहून घ्या," ती म्हणाली.

मामांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच उतरला. "न्हाई माय. आमच्याकडं धड सूक्ष्मदर्शक न्हाई, शिकवायला मी एकटा. तू संभाजीनगरला जा."

"मामा, तुम्ही घरी आलाच नाहीत," मी म्हणालो.

"आलो असतो तर 'आमच्याकडंच ये' असं तोंडातून निघून गेलं असतं," ते खाली बघत म्हणाले. "लोकायचे लेकरं नेले भेवापायी. हिला न्हाई नेववत."

ती संभाजीनगरला गेली आणि इकडे मामांचा विषय बंद झाला. परवा ते आमच्याकडे आले. तिने फोनवर कसल्याशा पानाच्या पेशींचा फोटो पाठवला होता, तो मी दाखवला. मामा चष्मा वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. "किती साफ दिसून राह्यलं," एवढंच म्हणाले. आता पुढे काय करणार, हे विचारायचा धीर मला झाला नाही.