कूलरपुढचा पाट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही मुलीची उरलेली आहे, कुणाला दाखवायची नाही, तरी चुकलेल्या शब्दांची आधीच माफी मागते. जे घडलं ते तोंडानं कुणाला सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ आखातात वायरमन आहे. मे महिन्यात सुटीवर आला आणि अंजनगावला आईकडं जाण्याआधी आमच्याकडं अकोल्याला उतरला. मी चहा ठेवला. तो सवयीप्रमाणं मीटरजवळची पेटी उघडून पाहत होता. आत एका ठिकाणी मोकळी जागा होती आणि तिथल्या वायरी जोडून त्यावर काळी पट्टी गुंडाळली होती.

"ताई, इथं एक बटनवाली डबी होती. ती कुठं गेली?"

मी सांगितलं, ती बिघडली होती. दर उन्हाळ्यात कूलरचा पंप सुरू केला की ती खटकन पडायची आणि सगळं घर बंद. उचलली की पुन्हा पडायची. एकदा घरात पाहुणे बसलेले, बाहेर ऊन रखरखलेलं, आणि ती चार वेळा पडली. मग मी वायरमनला बोलावून ती काढूनच घेतली. पन्नास रुपये घेतले त्यानं. तेव्हापासून एकदाही त्रास झाला नाही. हे मी जरा मिरवूनच सांगितलं. घरातलं असं काम मी पहिल्यांदाच कुणाला न विचारता केलं होतं.

"मंग कूलरले हात लावला का झिणझिण लागे का?"

"थोडं लागे. पाटावर उभं राहून पाणी भरलं का नाई लागे."

"पाटावर तर नवरदेवाले उभं करतेत," तो हसला. पण चहाचा कप त्यानं खाली ठेवला.

आमच्या गल्लीत सगळ्या घरी असंच आहे. पत्र्याचा कूलर म्हटला की थोडा करंट येणारच, असं आम्ही धरून चालतो. पुढं लाकडी पाट ठेवायचा, पायात रबरी चप्पल घालायची, आधी उलटा हात लावून पाहायचा. लेकीला पोळ्या शिकवल्या तसं मी हेही शिकवलं होतं.

मला कळेल अशा शब्दांत भावानं सांगितलं. लग्नात आपण भांडी मोजून देतो आणि मोजून परत घेतो, तशी ती डबी करंट मोजते. जेवढा गेला तेवढा परत आला पाहिजे. जरा कमी भरला की तो दुसरीकडूनच कुठून जमिनीत चालला आहे, कदाचित माणसाच्या अंगातून, असं धरून ती लगेच लाइन तोडते. म्हणजे डबी चांगली होती. आमच्या कूलरच्या पत्र्यात करंट उतरत होता आणि ती दर वेळी आम्हाला वाचवत होती. तिला मी पन्नास रुपये देऊन घराबाहेर काढलं होतं.

कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या नव्या कूलरकडं पाहून भावानं विचारलं, "तो जुना कुठं हाय?"

तो मी होळीनंतर अमरावतीच्या चुलत जावेला विकला होता, अठराशे रुपयांना. विकताना लपवलं काहीच नव्हतं. झिणझिण लागते, पुढं पाट ठेवत जा, असं मीच सांगितलं होतं. दर वर्षी जाळीतलं गवत बदलावं लागतं हे जसं सांगितलं, तसंच हेही सांगितलं, आणि तिनंही तशीच मान हलवली. त्यात दोष आहे असं आम्हा दोघींच्या मनातही आलं नाही. तिची मुलगी तीन वर्षांची आहे.

मी फोन लावला. मला फोनवर नीट बोलता येत नाही, आवाज निघत नाही. कूलर बंद कर, पिन काढून ठेव, एवढंच कसंबसं म्हणाले. ती हसली. "एवढ्या उन्हात कूलर बंद करू? पोरगी शिजून जाईन, जाऊबाई. मले सवय हाय आता, तुमी कायले घाबरता." आणि तिनं फोन ठेवला.

आम्ही तसेच उठून एसटीत बसलो. वाटेत भाऊ बोलत राहिला, बहुतेक मी रडू नये म्हणून. तो जिथं काम करतो तिथं घराला लाइन देण्याआधी साहेब येऊन त्या डबीचं बटन दाबून पाहतो. ती पडली नाही तर लाइन मिळत नाही. त्याचा मुकादम इंग्लंडचा. त्यांच्याकडं न्हाणीघरात साधा प्लगसुद्धा बसवू देत नाहीत, दिव्यालाही भिंतीवर बटन नसतं, वरून सोडलेली दोरी ओढून तो लावायचा. अमेरिकेत ओट्याजवळच्या प्लगलाच तसलं बटन असतं आणि ते आणखी कमी करंटला पडतं. जपानमध्ये कपड्याच्या मशीनची हिरवी वायर जमिनीच्या वायरीला वेगळी जोडून देतात. मी ऐकत होते आणि मला एकच दिसत होतं, जावेची पोरगी.

"आपल्याकडं नाई का असा कायदा?" मी विचारलं.

"हाय ना. जरा मोठा लोड असला का बसवावंच लागते."

"मंग त्या वायरमननं काढलं कसं?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. "तू म्हणाली म्हणून, ताई."



जावेच्या घराचं दार उघडंच होतं. कूलर धडधडत होता. त्याच्यापुढं पाट होता आणि पाटावर पोरगी बसली होती. टाकीतून टपकणारं पाणी ती वाटीत धरत होती. तिचा एक पाय ओल्या फरशीवर होता. भावानं भिंतीवरचं बटन बंद केलं, पिन काढली आणि मग तिला उचललं. पोरीला काही झालं नव्हतं. वाटी पडली म्हणून ती रडायला लागली.

जाऊ आतून आली. भावानं तिला लांब उभं केलं, कूलर पुन्हा सुरू केला आणि पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा भक्कन लागला. जावेनं पोरीला कडेवर घेतलं.

"मी तर तिले पाटावरच बसवत होती," ती म्हणाली. "तुमीच सांगितलं होतं ना."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दीर घरी आला. त्याला सगळं कळलं तेव्हा तो भावाला काही बोलला नाही, मला बोलला. "चांगला हाय म्हणून विकला होता तुमी. आमची पोरगी काय टेस्टर होती का?" मी म्हणाले, सगळे पैसे परत देईन. भावानं खिशात हात घातला तर मी त्याचं मनगट धरलं. डबी माझ्या शब्दानं निघाली होती, कूलर माझ्या हातानं विकला गेला होता.

त्यांच्या घरी तसली डबी कधी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी भावानं ती बसवली आणि अर्थिंगची वायर ओढली. मग अकोल्याला येऊन आमच्याकडंही बसवली. जुन्या कूलरचा पंप आणि वायर त्यानं अमरावतीतच कापून टाकली होती. पत्रा भंगारात गेला, पण मी तो आधी ठोकून चपटा करायला लावला, कुणी पुन्हा उभा करू नये म्हणून.

अठराशे रुपये माझ्याकडं नव्हते, ते नव्या कूलरमध्ये गेले होते. घरच्यांना मागितले नाहीत. साड्यांना फॉल लावून, पिको करून मी दोनशे-तीनशे जमवत गेले आणि अमरावतीला जाईल त्याच्या हाती पाठवत गेले. जावेनं एकदाही मागितले नाहीत, पण परतही केले नाहीत. शेवटचे चारशे मी दिवाळीत स्वतः घेऊन गेले. तिनं ते मोजले, डब्यात ठेवले आणि पोरगी माझ्या मांडीवर आणून बसवली. पैसे पूर्ण फिटले.