मधुमालतीचं दुसरं लेबल

वनस्पतीशास्त्राच्या सरांनी सुट्टीत ठेवलेल्या वनस्पती सर्वेक्षणात आमच्या वर्गातून एकालाच घेणार होते आणि ती जागा मला हवी होती. भांडुपच्या आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली. पदवीनंतर काय करायचं असतं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. सर सांगतील, एवढीच आशा होती. पण सरांना मी आवडत नव्हते. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

त्या जागेसाठी दिलेलं काम सोपं वाटावं असं होतं. कॉम्ब्रेटम या प्रजातीतली एक वनस्पती आणायची, दाबून वाळवायची, शीटवर चिकटवून खाली लेबल लावायचं. यातली बरीचशी आधाराने चढणारी झुडपं. बाकीचे डोंगरावर गेले. मी मुलुंडच्या एका सोसायटीच्या गेटवरून मधुमालती तोडली. तळमजल्यावरच्या बाई ओरडल्या, "ए, तुझ्या बापाने लावलीय का?" मी फांदी पिशवीत घालून निघाले.

मधुमालतीच्या फुलाची नळी लांबलचक असते, म्हणून तिला बरीच वर्षं क्विसक्वालिस या वेगळ्या प्रजातीत ठेवलं होतं. आता ती कॉम्ब्रेटममध्ये घेतली आहे, असं मी वाचलं होतं. मग फांदीही निरखून पाहिली. पानं समोरासमोर. पान गळतं, पण देठाचा बुडखा मागे राहून कडक होतो आणि त्याच आकड्याने वेल वर चढते. कॉम्ब्रेटमच्या इतर वेलींतही असे आकडे असतात. फळाने ओळख पक्की झाली असती, ते मात्र मिळालं नाही. आपल्याकडे ती क्वचितच फळते.

प्रयोगशाळेत सरांनी शीट उचललं. "हे काय? ही क्विसक्वालिस आहे."

"सर, ती आता कॉम्ब्रेटममध्ये..."

"फळ कुठंय?"

"नाही मिळालं, सर."

"फळ नाही आणि ही नावं बदलायला निघाली!"

सगळे हसले. शेजारचा मुलगा म्हणाला, "बारसं केलंस ना गं वेलीचं? मग घुगऱ्या तरी वाट!"

सरांनी माझं लेबल सोलून काढलं, चुरगाळलं आणि स्वतःच्या हाताने क्विसक्वालिस लिहून चिकटवलं. "उद्या हेच घेऊन ये. मग बघू जागेचं."

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे की त्यांचं. तुझं काय जातंय? तुला जागा हवीय की वेल?"

मी शीट पुढ्यात घेऊन बसले. हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, एक रीत आहे, सरांनीच शिकवलेली. आधी लिहिलेलं नाव पटलं नाही तरी जुनं लेबल काढायचं नाही. शेजारी छोटी चिठ्ठी लावायची. तिच्यावर आपल्या मते बरोबर असलेलं नाव, खाली स्वतःचं नाव आणि तारीख. जुन्या शीटवर अशी चार माणसांची भांडणं शेजारी शेजारी वाचता येतात. मी सरांच्या लेबलाला हात लावला नाही. बाजूला मधुमालतीच्या नव्या नावाची चिठ्ठी चिकटवली: कॉम्ब्रेटम इंडिकम.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती वाचली. "जागा भरली," ते म्हणाले आणि चिठ्ठीच्या कडेखाली नख घातलं.

"सर, चिठ्ठी काढत नाहीत." माझा आवाज चिरकला.

या वेळी कोणी हसलं नाही. सरांनी नख काढलं, शीट कपाटात फेकलं आणि दार आपटलं.

सुट्टीत त्यांच्याबरोबर तो घुगऱ्या मागणारा मुलगा गेला. मला दोघांचाही राग अजून येतो आणि तो जावा असं वाटतही नाही.