संगमरवरी पोरीची दोन नाकं

लंडनच्या जुन्या बाजारातून मी एक छापील रंगीत चित्र आणलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडलेला संगमरवरी पुतळा, कबूतर मांडीवर घेऊन बसलेली मुलगी. तेव्हा असं चित्र सपाट दगडावर काढून त्यावरून कागदावर छापायचे, आणि रंगागणिक वेगळा दगड लागायचा. गंमत अशी की ती पांढरीशुभ्र पोरगी निळ्या, गुलाबी, करड्या छटांनीच बनलेली. खरं पांढरं म्हणजे नुसता कोरा सोडलेला कागद.

सौदीत जेद्दाला, परदेशी कुटुंबांच्या आमच्या कंपाउंडमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा मी म्हटलं, आपण हीच छापायची. कॉलेजात मी छपाईच शिकले होते. पण इथे आल्यापासून मी ‘डॉक्टरांच्या मिसेस’. शेजारणींना, वॉचमनला, किराणावाल्याला, सगळ्यांना मी तेवढीच ठाऊक. माझ्या हातचं काहीतरी भिंतीवर लागावं आणि लोकांनी त्याबद्दल मला विचारावं, एवढीच हाव होती.

दगड कुठून आणणार? जमिनीवर अंथरतात त्या मऊ लिनोलियमचे ठसे कोरले आणि प्रेस म्हणून पोळपाट-लाटणं घेतलं. ओल्या कागदावर निळा रंग झकास उठला. दुसऱ्या दिवशी गुलाबी दिला, तर पोरीला दोन नाकं! एसीत वाळून कागद आक्रसला होता, त्यामुळे गुलाबी ठसा निळ्यावर बरोबर बसलाच नाही. नवऱ्याने चष्मा लावून तपासलं आणि गंभीर चेहऱ्याने निदान केलं की सर्दी आहे, वाफ द्या. असा राग आला म्हणता! जेवायला त्याला नुसती खिचडी वाढली. पण वाफेचं डोक्यात राहिलं. मग सगळे रंग होईपर्यंत कागद ओल्या पंच्यांत गुंडाळून ठेवले, मळलेली कणीक झाकून ठेवतो तसे. पंचे भिजवायचं काम त्याच्याकडे दिलं. अखेर नाक एकच आलं.

प्रदर्शनाला गेलो, तर चित्राखालच्या चिठ्ठीवर डॉक्टर लावून नवऱ्याचं नाव! चिठ्ठ्या माझ्याच मैत्रिणीने, रत्नागिरीच्या भाभीने, घरांवरच्या पाट्या बघून लिहिल्या होत्या. माणसं नवऱ्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होती आणि हा गोंधळून नुसता हसत होता. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात कुणीतरी त्याला विचारलं की हा पांढरा रंग कसा साधला. त्याचं हसू थांबलं.

“हिला विचारा. चित्र हिचं आहे. मी फक्त पंचे भिजवले.”

भाभीचा चेहरा एवढासा झाला. तिने ती चिठ्ठी ओढून काढली आणि कोरी चिठ्ठी अन् पेन माझ्या हातात दिलं. “तूच लिही गो,” म्हणाली.

पेन घेतलं आणि अडले. माहेरचं आडनाव लिहू की सासरचं? मागे माणसं खोळंबली होती. शेवटी एकही लिहिलं नाही. नुसतं माझं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत ते एकटं मी कुठे लिहिलंच नव्हतं.