राऊत सरांचा वजनाआधीचा प्रश्न

राऊत सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीला ड्युटीवर होते. त्याला आता महिना होऊन गेला. ज्यांच्यामुळे ही वर्दी अंगावर आली, त्यांना शेवटचं बघायलासुद्धा वेळेवर पोचले नाही...

बोर्डीच्या शाळेतून पी.टी.चे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर सर किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली आम्हा पोलीस भरतीच्या मुलींची तयारी करून घेत. मी वेवजीहून एसटीने यायची. साधनं म्हणजे रेती भरलेल्या गोणपाटाच्या पिशव्या. आधी चालणं, सांधे मोकळे करणं, मग वजन, आणि शेवटी अंग तापलेलं असताना ताण. मी पायाचे अंगठे धरायला झटके देऊ लागले की ओरडत, "बाय, हळू! अंगठा काय पळून चाललाय?" उचलताना श्वास कोंडला की पिशवी खाली ठेवायला लावत. आठवड्याला ओंजळभर रेती वाढवत, त्याहून कण जास्त नाही. या चालीने मी आजी झाल्यावरच पोलिसात जाणार, असं मला वाटे.

पिशवी देण्याआधी ते प्रत्येकीला विचारत, "आज शेतात काम किती झालं?" भारे वाहून आलेलीला त्या दिवशी वजन नाही. "तेही वजनच. कंबरेला काय कळतं, भारा कुठला नि पिशवी कुठली!" आमच्याकडे शेतकामाला कोण व्यायामात धरतो? ते रोजचंच.

त्या वर्षी मैदानी चाचणी तोंडावर आली होती आणि आमची भाताची झोडणी लांबली होती. दिवसभर डोक्यावरून भारे वाहून मी संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. सरांनी विचारलं, तर म्हटलं, "नाही सर, आज घरीच होते." तिसऱ्यांदा पिशवी उचलताना कंबरेत अशी कळ गेली की मी रेतीतच बसले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, चाचणी हुकली. सर वेवजीला घरी आले आणि माझ्या आईपुढे हात जोडून म्हणाले, "वहिनी, चूक माझी. वजन जास्त दिलं मी पोरीला." मी खाटेवर पडून ऐकत होते. तोंड उघडलं नाही. आधी भीती वाटली, मग लाज, आणि पुढे गप्प राहायची सवयच झाली.

बरी झाल्यावर त्यांनीच मला पुन्हा चालण्यापासून उभं केलं. या खेपेला नुसत्या उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, आणि ताण. पिशवी नाही. माझ्या कंबरेला जपतात, असं मी धरून चालले. पुढच्या भरतीत निवड झाली, पेढे दिले, पाया पडले. तेव्हाही सांगितलं नाही.

परवा सरांच्या घरी काकूंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेले. चहा देताना त्या सहज बोलून गेल्या, "तुझ्या कंबरेचं झालं ना, त्यानंतर त्यांनी कुणाच्याच हातात पिशवी दिली नाही. म्हणायचे, माझा अंदाज आता चुकतो."

हातातला कप मी खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं... भारे, खोटं, सगळं. काकू म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस गं आता?"

ओटीवर सरांची व्यायामाची चटई अजून अंथरलेली आहे. काकू ती गुंडाळत नाहीत. निघण्याआधी मी तिच्यावर जरा टेकले, पण कडेलाच. मधे बसवेना.