आत्याची सीरियल

यंदा मुलीनं घरात नवा टीव्ही आणला आणि माझ्या संध्याकाळींचं वाटोळं झालं. हा टीव्ही इंटरनेटला जोडलेला असतो, त्यात म्हणे जुनं सगळं सापडतं. मुलीनं मोठ्या हौसेनं विचारलं, "आजी, आपको क्या देखना है?" तिला मराठी सगळी समजते, पण बोलायची वेळ आली की जीभ हिंदीतच वळते. जबलपुरात वाढलेली आमची बहुतेक पोरं अशीच. माझ्या आईला तो प्रश्न अर्थातच ऐकू गेला नाही. तिचा उजवा कान पार गेलाय, डावा मर्जीनं चालतो आणि कानाचं मशीन कपाटात आराम करतं. मी डाव्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ते सुनेचं लाव. ती मास्तरीण होते ते."

झालं. मला आधीच कळायला हवं होतं.

ही 'सुनेची' सीरियल मी लहान असताना आठवड्यातून एकदा लागायची. नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना ओळख पटेलच, ज्यांनी पाहिली नाही त्यांनी सुटल्याचा आनंद मानावा. तेव्हा आम्ही जबलपूरच्याच घमापूर वस्तीत राहायचो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टीव्ही पुढच्या खोलीत. समोर आजोबा, त्यांच्यासोबत कारखान्यातून रिटायर झालेले त्यांचे दोस्त, आणि ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता असे सगळे शेजारी. आई मात्र स्वयंपाकघरात. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही हा आमच्या घरचा कायदा होता. सुनेची सीरियल अख्ख्या गल्लीनं पाहायची, फक्त घरच्या सुनेनं तेवढी पाहायची नाही, यात कुणाला काही गंमत वाटत नव्हती.

पण आमच्याकडे आत्या होती. बाबांची मोठी बहीण. नवऱ्यानं तिला परत पाठवली होती, तेव्हापासून ती माहेरीच. लेक असल्यामुळे तिला पुढच्या खोलीत मज्जाव नव्हता, आणि परत आलेली असल्यामुळे तिला तिथे कुणी 'ये, बस' म्हणतही नव्हतं. म्हणून ती दोन खोल्यांमधल्या दारात पाट टाकून बसायची. डोळे टीव्हीकडे, तोंड स्वयंपाकघराकडे. आई विदर्भातल्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, तिची हिंदी भाजीच्या भावापुरती. आणि सीरियलमधली हिंदी इतकी शुद्ध की बोलणाऱ्यांनाच धाप लागायची. त्यामुळे पडद्यावर जे चाललंय ते आत्या मराठीत सांगायची आणि आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. मी आईजवळ तूप-साखरेची पोळी खात बसलेली असायचे, म्हणून मीही ती सीरियल आत्याच्या तोंडूनच पाहिली.

काय सून होती ती! सासूनं एक बोललं की ती दोन ऐकवायची. नवऱ्यानं आवाज चढवला की त्याचं जेवणाचं ताट उचलून न्यायची. आत्या पदर खोचून सांगायची, आणि आई तोंडाला पीठ लागेल इतकी हसायची.

मग तो एपिसोड आला. आईनं तो पुढे इतक्या वेळा सांगितला की आमच्या घरात तो पुराणात जमा आहे. सुनेला शाळेत नोकरी लागते. सासू म्हणते, घर कोण बघणार? आणि सून ताठ उभी राहून म्हणते, "सासूबाई, उद्यापासून पोळ्या तुम्ही लाटा, मी चालली शिकवाले." त्याच सुमारास आईलाही मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायची संधी आली होती. आजोबांनी नाही म्हटलं होतं आणि आई गप्प बसली होती. तो एपिसोड संपला, आईनं हात धुतले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी ट्रेनिंगले जाईन म्हणते." आजोबांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, आत्ताच तर टीव्हीवर एवढं चांगलं दाखवलं." आई म्हणाली, "हो. म्हणूनच."

शेजारी बसलेले होते, त्यांच्यापुढे तमाशा नको म्हणून आजोबा खाकरले आणि बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून पोळपाट आत्यानं ताब्यात घेतला. आई ट्रेनिंग करून, तिथेच हिंदीही शिकून आली आणि बरगीकडच्या एका गावात मास्तरीण झाली. रोज सकाळी बस, नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल, शाळा, आणि संध्याकाळी पुन्हा तोच पूल. रिटायर होईपर्यंत. नात्यातली कुठलीही पोरगी नोकरी सोडायच्या गोष्टी करायला लागली की आई तिला धरून तो एपिसोड ऐकवते आणि शेवटी म्हणते, "तिनं केलं, मग मी काहून नाही करायचं?"

आत्या आता नाही. आईच्या कानांचं मी सांगितलंच. एवढं आयुष्य ज्याच्यावर उभं राहिलं ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच आईची इच्छा होती. नाही कशाला म्हणू? मुलीनं सीरियल शोधली, मी आईच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकली आणि आत्याची जागा घेतली.

आता त्या सीरियलबद्दल. लहानपणीच्या आवडत्या गोष्टी पुन्हा बघू नयेत असं एखाद्यानं आपल्याला वेळेवर सांगायला हवं. सासू दारात उभी राहिली की वीज कडाडते. सून वळली की वीज कडाडते. दूध उतू गेलं तरी वीज कडाडते. एवढी वीज त्या काळी आमच्या घमापुरात असती तर अर्धी संध्याकाळ अंधारात काढावी लागली नसती. प्रत्येक वाक्यानंतर कॅमेरा घरातल्या सगळ्यांच्या तोंडावर पाळीपाळीनं जातो, नोकराच्यासुद्धा, आणि तोही बिचारा डोळे विस्फारून तयार असतो. घर पुठ्ठ्याचं. दार आपटलं की भिंत हलते, आणि त्या हलणाऱ्या भिंतीला टेकून लोक घराण्याच्या प्रतिष्ठेवर बोलतात.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण ती सून! नवरा तिला थोबाडीत मारतो, आणि तिचा हात आपल्या गालाकडे न जाता नवऱ्याच्या हाताकडे जातो, त्याला लागलं तर नाही ना म्हणून. पाठीमागे बासरी. माझी मुलगी मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, "मम्मी, इसको डॉक्टर को दिखाओ." मला हसू आलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. उलट उत्तर देणारी, ताट उचलणारी माझी सून कुठे गेली, हेच मला कळेना.

मी मात्र प्रामाणिकपणे आईच्या कानात जे दिसतंय ते सांगत होते. सून रडतेय. सून माफी मागतेय. सून पुन्हा रडतेय. दोन-तीन एपिसोड आईनं सहन केले. मग म्हणाली, "तुले नीट सांगता नाही येत. तुझी आत्या किती छान सांगे." मी म्हटलं, आई, जे आहे तेच सांगतेय. तर म्हणाली की तुझं लक्ष नसेल. शाळेत वर्गामागे वर्ग हाकलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर तो मास्तरणीचा एपिसोड एकटीनं पाहून घेतला. सुनेला शाळेत नोकरी लागते, इथवर खरं. सासू विचारते, घर कोण बघणार, तेही खरं. मग सून सासूच्या पायावर डोकं ठेवते आणि हुंदके देत म्हणते, हे घरच माझं विद्यालय, तुमचे चरण हेच माझं वेतन. शंख वाजतो. सासू तिला उठवून छातीशी लावते. सगळं घर रडतं, नोकर सगळ्यात जास्त. संपलं. कुणी कुठे शिकवायला जात नाही. पुढच्या भागात तर ती गाजराचा हलवा करते.

माझा डबा तसाच राहिला. आधी त्या सीरियलवाल्यांचा राग आला, मग आत्याचा आला, आणि मग एकदम आजोबांचं तोंड डोळ्यांसमोर आलं. म्हातारा बिचारा आदर्श सुनेच्या त्यागानं गहिवरून खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसत होता, आणि तेवढ्यात त्याची स्वतःची सून पाठीमागे येऊन म्हणते की मी चालले. वर कारण विचारलं तर म्हणते, टीव्हीवर चांगलं दाखवलं म्हणूनच. मरेपर्यंत त्यांना तो हिशेब लागला नसणार. ऑफिसात मी एकटीच हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आत्यानं हे सगळं दारात पाटावर बसून, चालू एपिसोडमध्ये, एका दमात रचलं होतं. स्वतःला जे कुणाला ऐकवता आलं नाही ते तिनं त्या रडक्या बाईच्या तोंडी घातलं आणि माझ्या आईला घराबाहेर काढलं.

पण आता मी काय करायचं? मुलगी म्हणाली, "बोल दो कि वो वाला नहीं मिला." चांगला उपाय होता, फक्त आई रोज चहाबरोबर विचारत होती, मिळाला का, मिळाला का. खरं सांगितलं तर आयुष्यभर ज्या बाईच्या जोरावर ती पोरींना दम देत आली, ती बाई हलवा ढवळताना निघणार. या वयात मी तिच्या हातातून ते काढून घेऊ? माझी हिंमत होईना.

शेवटी लावला. रविवारची दुपार होती. आई चष्मा पुसून बसली, पदर सारखा केला, जणू शाळेत इन्स्पेक्शन आहे. सासूनं विचारलं, घर कोण बघणार. मी आईच्या डाव्या कानाशी वाकले. पडद्यावर सून रडायला लागली आणि माझा आवाजच फुटेना. आत्याचं सोपं होतं, आईला तेव्हा पडदा दिसत नव्हता. मला चित्राशी जुळवून खोटं बोलायचं होतं. सून सासूच्या पायावर वाकली तशी मी घाईघाईनं म्हणाले, "निघण्याआधी पाया पडतेय. म्हणते, सासूबाई, उद्यापासून पोळ्या तुम्ही लाटा, मी चालली शिकवाले." शंख वाजला. सासूनं तिला छातीशी धरलं. मी म्हटलं, "सासू म्हणते, जा बाई, नाव काढ."

आईनं नोकर रडेपर्यंत सगळं शांतपणे पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"तूही याच जागी अडखळली," ती म्हणाली. "तुझी आत्या पण इथंच अडखळली होती."

तिनं माझा हात हातात घेतला.

"तेव्हा मले दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आता दिसते, तर ऐकू नाही येत. दोन्ही वेळा ती बाई रडूनच राहिली." तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "रडणं समजाले काय हिंदी लागते?"

मी ओरडून विचारलं की मग तेव्हाच का नाही बोललीस. आई म्हणाली, "माझी नणंद माझ्यासाठी एवढं खोटं बोलून राहिली होती. मी घरात बसली असती तर तिचं तोंड पडलं असतं."

माझा हात तिच्या हातात होता. तो तिनं थोपटला आणि टीव्हीकडे बोट केलं.

"लाव पुढचा," ती म्हणाली. "आन् आता तरी नीट सांगजो. आत्यासारखं."

पुढच्या भागात हलवा होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली की सून आता शाळेत पोहोचली आहे.