मक्याच्या भाकऱ्या थापणारी
तव्यावर तांदळाची भाकरी टाकली की माझी नजर आजही भिंतीवरच्या छापचित्राकडे जाते. आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेलं, मेक्सिकोतल्या खेड्याचं चित्र. चुलीपुढे एक बाई मक्याच्या भाकऱ्या थापतेय.

सौदीत, अल खर्जला आम्ही नवे होतो. एका दुपारी नवऱ्याचा, शौकतचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, मला पिठाच्या डब्यामागे दिसला. नाक्यावर पोलिसांनी मागितला तर? त्याचा फोन लागेना. पीठ संपेपर्यंत मी भाकऱ्याच थापत राहिले.

संध्याकाळी तो आला. “कफील आला, माझी जबाबदारी घेतली, तेव्हा पोलिसांनी सोडलं. एवढ्या भाकऱ्या खाणार कोण गो?”

आता मुलगाही गाडी घेऊन बाहेर पडतो. चित्रातली ती बाई भाकरीकडे बघतेय, असंच मला तेव्हा वाटायचं. तिचे हात तेवढे भाकरीवर आहेत. डोळे दाराकडे.